टाँटीटाउनमध्ये इटालियन लोक आले तरी कुठून?

बेंटनविलवासी:
नोकरीसाठी अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या बेंटनविलला येऊन दीड वर्ष झालं. ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एकाने टाँटीटाउनच्या ग्रेप फेस्टिव्हलला नेलं. अर्ध्या तासावरचं छोटं गाव, आणि ताटात काय तर हाताने केलेली स्पगेटी नि शेजारी फ्राइड चिकन! न्यूयॉर्कला असतं तर समजलो असतो, पण आर्कान्साच्या डोंगरात हे लोक द्राक्षं लावायला कशाला आले?

खोडरबर:
द्राक्षं कसली, कापूस वेचायला आले ते. आर्कान्साच्या पार आग्नेय कोपऱ्यात, मिसिसिपीच्या काठी सनीसाइड नावाचा मोठा मळा होता, मालक न्यूयॉर्कचा बँकवाला ऑस्टिन कॉर्बिन. त्याने रोमच्या महापौराशी, प्रिन्स रुस्पोलीशी, बोलणी करून १८९५ ला उत्तर आणि मध्य इटलीतली शेतकरी कुटुंबं आणवली, प्रत्येकाला साडेबारा एकर, किंमत २००० डॉलर, फेडायची हप्त्याने. ऐकायला झकास. पण कॉर्बिन दुसऱ्याच वर्षी घोडागाडीच्या अपघातात गेला, दलदलीतल्या मलेरियाने माणसं पटापट मेली, आणि कर्ज काही हलेना. आपल्याकडच्या सावकाराच्या वहीसारखंच. पुढे १९०७ ला मेरी ग्रेस क्वॅकेनबॉस नावाच्या बाईने सरकारतर्फे तिथल्या वेठबिगारीची चौकशी केली, म्हणजे बघा.

तर फादर पिएत्रो बांदिनी म्हणून एक पाद्री होता, तो १८९८ ला चाळीसेक कुटुंबं घेऊन तिथून निघाला आणि ओझार्कच्या डोंगरात, जिथे हवा तरी बरी, तिथे जमीन घेतली, तेच टाँटीटाउन. काहीजण मिसूरीत रोझातीला गेले, तिथेही द्राक्षंच.

अळूचं फदफदं:
नावाची गंमत सांगते. टाँटीटाउन हे नाव एन्रिको तोंतीवरून. फ्रेंच शोधप्रवासी ला सालबरोबर फिरणारा हा इटालियन, ज्याचा एक हात लढाईत गेला म्हणून लोखंडी हात लावायचा, त्याने १६८६ मध्ये आर्कान्सा पोस्ट हे ठाणं वसवलं. गाव वसवणाऱ्या इटालियनांना दाखवायचं होतं की इटालियन माणूस तुमच्याआधी इथे येऊन गेलाय. नवीन वस्तीला शेजारच्यांचा त्रासही झाला, त्यात नाव असं ठेवणं म्हणजे मला तर फार हुशारीचं वाटतं.

आणि स्पगेटीबद्दल, उत्तर इटलीतल्या व्हेनेतोकडच्या घरांतलं रोजचं खाणं स्पगेटी नव्हे, पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा म्हणा. फ्राइड चिकन अर्थात इथलं.

द्राक्षबागायतदार:
कोणी द्राक्षाबद्दल बोललंच नाही! मी नाशिककडचा, म्हणून राहवत नाही. तिथली जात कॉन्कॉर्ड, अमेरिकेचीच, युरोपातल्या वेलींना तिथली थंडी नि रोग झेपत नाहीत. आपल्या बिनबियांच्या थॉमसनसारखी नाही, साल जाड आणि दाबलं की गर सुटून बाहेर येतो, आत बिया. बाजाराचं म्हणाल तर १९२० च्या दशकात वेल्च कंपनीने जवळच स्प्रिंगडेलला रसाचा कारखाना काढला, त्यामुळे तेव्हाच्या अमेरिकेतल्या दारूबंदीतही बागा उपटायची वेळ आली नाही, कारण ही द्राक्षं मुळी ज्यूससाठीचीच. नाहीतर वाइनवर अवलंबून असते तर बसले असते डोक्याला हात लावून.

बेंटनविलवासी:
बापरे, मी आपला सेल्फी काढून परत आलो होतो. तिथे गावचं म्युझियम पण आहे म्हणे, पुढच्या शनिवारी जातो. सालीसकट खायची असतात का ती द्राक्षं?

द्राक्षबागायतदार:
गर चोखायचा, साल फेकायची. जेली करायची असेल तर मात्र साल ठेवा, रंग आणि वास तिच्यातच.