मदत हवी आहे: द्रुतगती मार्गावरच्या देखभाल डंपरचं १:२४ मॉडेल (चासी पिळते, पिवळा नीट बसत नाही, बाणफलक मंद पडतो)

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुरुस्ती चालू असताना कामगारांच्या मागे डंपर उभा करतात, त्याचं १:२४ मॉडेल प्लास्टिक शीटमधून करतोय. गाडी टाटा १६१३ च्या जातीची, सहाचाकी. हौद्यात डांबरमिश्रित खडी, फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या झडपेवर) तिरके पट्टे, मागच्या बाजूला कोनची चळत आणि हौद्याच्या वर उभा केलेला बाणाचा दिवाफलक. मूळ गाडीवर टेप लावून घेतलेली मापं: पुढच्या-मागच्या आक्सलमधलं अंतर ३६२५ मिमी, चासीची उंची २२५, तिच्या पट्टीची रुंदी ६५, दिवाफलक १२०० × ६००, त्यावर १५ दिवे. टायर १०.००-२०.

केबिन रेझिन प्रिंट करून तयार आहे, तिचा प्रश्न नाही. अडलंय ते असं:

चासी ०.७५ मिमी स्टायरीनच्या (मॉडेलच्या प्लास्टिकच्या) शीटची केली. मधले आडवे जोड चिकटवल्यावर दुसऱ्या दिवशी काचेवर ठेवली तर पुढचा डावा कोपरा दीड मिमी वर. हौद्यासाठी ३ मिमी सनबोर्ड वापरला, पण पत्र्याचा भास होत नाही, लाकडी खोका वाटतो. पिवळा रंग तीन हात देऊनही हिरवट दिसतो, आणि आता पावसाळ्यात त्यावर पांढुरकी साय येते. शेवटचं म्हणजे, दिवाफलकाला सीआर२०३२ चा बटणसेल लावला की दिवे लागतात आणि थोड्या वेळात मंद होतात. हौदा उचलता यावा अशीही इच्छा आहे.

पाटेवाला

आधी चासी, कारण ती सरळ नसेल तर पुढचं सगळं वाकडंच बसणार.

पिळण्याची कारणं बहुतेक दोन. एक, सॉल्व्हंट (स्टायरीन जोडायचा पातळ द्रव) जास्त झालं. स्टायरीन विरघळून जोडलं जातं आणि सॉल्व्हंट उडताना ते आकसतं. पट्टी एकाच बाजूने पूर्ण ओढून चिकटवली की त्या बाजूला बाक येतो. दोन, दोन्ही लांब पट्ट्या पुरत्या वाळायच्या आत मधले जोड बसवले. मऊ पट्टी जोडाच्या मागे वाकते आणि तशीच कडक होते.

आता परत करायची तर अशी करा. २२५ भागिले २४ म्हणजे ९.४ मिमी. उभी पट्टी ०.७५ मिमी शीटची, ८.४ मिमी उंच कापा. वरखाली ०.५ मिमी शीटच्या २.७ मिमी रुंद पट्ट्या लावल्या की एकूण उंची बरोबर ९.४ भरते. आधी दर २५–३० मिमीवर सॉल्व्हंटचा एकेक थेंब देऊन टाके मारा, पट्टी सरळ आहे ना ते स्टीलच्या पट्टीला लावून बघा, मगच ब्रशने उरलेली फट भरा, तीही एकदा आतून, एकदा बाहेरून. मग २४ तास हात लावू नका.

जुळवणी ५ मिमी जाड काचेवर, उलटी करा. चासीची वरची कड सरळ असते, खालच्या बाजूला ब्रॅकेट, टाकी, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) लटकतात. म्हणून वरची कड काचेवर टेकवली की संदर्भ आपोआप मिळतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये एकाच मापाचे ॲक्रिलिकचे ठोकळे अडकवा, बाहेरून गुण्या लावा. प्रत्येक जोडाला ०.५ मिमी पितळी तारेची खुंटी दिली तर पुढे कधी तुटत नाही.

आत्ताची चासी टाकून द्यायची नसेल तर गरम पाण्यात घालून सरळ करायला जाऊ नका, पट्ट्या लहरी होतात. मधल्या जोडांपैकी एकाआड एक जोड बारीक करवतीने एका बाजूने सोडवा, काचेवर दाबून धरा आणि नव्याने चिकटवा. दीड मिमी एवढ्यात निघून जाईल.

चारही कोपऱ्यांवर चाकं टेकतात की नाही हा हिशेब मात्र चासीत संपवू नका, तो पाट्यांच्या ब्रॅकेटवर सोडा. ब्रॅकेट नुसते टाके मारून ठेवा, आक्सल आणि चाकं घाला, गाडी काचेवर उभी करा, मग पक्कं करा.

पाट्यांसाठी ०.५ मिमी शीटच्या ३ मिमी रुंद पट्ट्या. खऱ्या पाट्याची साधारण १२ मिमी जाडी इथे ०.५ होते. पट्ट्या कमी-कमी लांबीच्या कापून गोल बाटलीवर किंवा पाइपवर एकावर एक चिकटवून रात्रभर बांधून ठेवा. सुटल्यावर बाक कायम राहतो, कारण थर एकमेकांवर सरकू शकत नाहीत. आक्सलला सायकलचा स्पोक घ्या, तो २ मिमीचा असतो आणि वाकत नाही.

पत्राकाम

सनबोर्ड हौद्याला नकोच. तो फेसाळ पीव्हीसी आहे. कापलेल्या कडेला बारीक छिद्रं दिसतात, लांबी भरून घासली तरी धार येत नाही आणि रंगाखाली कड ओळखू येते. आतला सांगाडा किंवा खोटा तळ करायला ठीक.

खोका का वाटतो तेही सांगतो. डंपरच्या बाजूचा पत्रा ४–५ मिमी असतो. तो १:२४ मध्ये ०.२ मिमी. तुमची भिंत ३ मिमी, म्हणजे मूळ गाडीत ७२ मिमी! पण ०.२ च्या शीटचा हौदा उभा राहणार नाही, हेही खरं. म्हणून भिंत ०.७५ किंवा १ मिमीची करा आणि जिथे कड दिसते तिथेच ती आतून ४५ अंशात तासून ०.२–०.३ वर आणा. वरची कड आणि फाळक्याचा काठ एवढंच. बघणाऱ्याला जाडी फक्त कडेवर कळते. हौद्यात खडी भरली की आतला तासलेला उतार झाकला जातो.

बाहेरच्या उभ्या फासळ्या सपाट पट्टीच्या लावू नका. खऱ्या गाडीत त्या दुमडलेल्या पत्र्याच्या, आतून पोकळ असतात आणि खालचं तोंड उघडं दिसतं. ०.२५ मिमी शीटवर बोथट टोकाने रेघ ओढून दुमडा. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल गाडीसारखं दिसायला लागतं.

बोल्टचं गणित १:२४ ला फार सोयीचं आहे. एम१६ बोल्टचं षटकोनी डोकं २४ मिमीचं, म्हणजे मॉडेलवर बरोबर १ मिमी. १ मिमी षटकोनी स्टायरीन रॉड मिळाला तर त्याच्या ०.४ मिमीच्या चकत्या कापत जा. चिकटवताना चकती सॉल्व्हंट लावलेल्या ब्रशच्या टोकाने उचला, चिमट्याने ती हमखास उडते.

दोन मोठी शीट एकमेकांवर चिकटवायची असतील तर आतल्या शीटला १ मिमीची भोकं पाडून ठेवा. मध्ये अडकलेलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर आठवड्याभराने फुगवटा येतो.

घाटमाथा

@पत्राकाम, ७२ मिमीचा हिशेब वाचून सनबोर्ड बाजूला ठेवला. @पाटेवाला, टायर कोणते घ्यावेत? इटालेरी कंपनीच्या तयार किटमधले १:२४ चे चालतील?

पाटेवाला

चालतील, एका दुरुस्तीसह. १०.००-२० चा बाहेरचा व्यास साधारण १०५५ मिमी, म्हणजे ४४ मिमी. युरोपियन ट्रकांच्या किटमधले टायर ३१५/८० आर २२.५ चे असतात, ते ४४.८ भरतात. हा फरक डोळ्याला दिसत नाही. रिमचा फरक मात्र दिसतो. २०ची रिम २१.२ मिमी, २२.५ची २३.८. आपल्या डंपरच्या टायरची भिंत जास्त उंच असते आणि रिमवर ट्यूब टायरची वेगळी लॉक रिंग असते. म्हणून टायर किटमधला घ्या आणि रिम स्वतः करा: २१ मिमीची चकती, बाहेर ०.५ मिमी तारेची रिंग. रिंगला एका जागी बारीक फट ठेवा, खऱ्या लॉक रिंगला ती असते. राहिलेली जागा पातळ शीटच्या कड्याने भरून ते काळं रंगवा, ती टायरची भिंत दिसेल. स्टेपनी धरून सात टायर लागतील.

एक धोका सांगून ठेवतो. मऊ व्हिनाइल टायरमधला प्लास्टिसायझर काही महिन्यांत स्टायरीनची रिम वितळवतो. टायर आणि रिम यांच्यामध्ये नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप एक वेढा द्या.

रंगकाम

पिवळ्याबद्दल. तुमचा प्रायमर राखाडी असणार. पिवळ्या रंगाची झाकण्याची ताकद कमी, खालचा राखाडी वर येतो आणि मिळून हिरवट दिसतो. आणखी हात देऊन फायदा नाही, उलट बोल्टची डोकी बुजतील. ६०० च्या, मग १००० च्या पाणपेपरने घासा, पांढऱ्याचा पातळ हात द्या. गाडीचा पिवळा थोडा नारिंगीकडे झुकणारा असेल तर पांढऱ्यात लालचा थेंब टाकून फिकट गुलाबी अस्तर करा. त्यावर पिवळ्याचे दोन पातळ हात पुरतात.

पांढुरकी साय म्हणजे दमट हवेचा परिणाम. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगात अडकतं. बुरशी नव्हे, रंग खराब झालेला नाही. कोरड्या दिवशी नुसत्या रिटार्डर थिनरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) हलका फवारा मारा, साय विरघळून जाते. पुढच्या वेळी रंगातच ५ ते १० टक्के रिटार्डर घाला. जुलैत संध्याकाळी फवारणी टाळा. एनसी थिनर (लॅकरचं थिनर) उघड्या स्टायरीनवर थेट मारू नका, ते पृष्ठभाग खातं. प्रायमरवर पातळ फवारे चालतात.

क्रम पाळा: लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर मारलं की सुरकुत्या येतात.

परावर्तक टेपसाठी खरी टेप कापून लावू नका, तिचे मणी १:२४ ला वाळूसारखे दिसतात. खरी टेप ५० मिमी रुंद, म्हणजे २ मिमी. ॲल्युमिनियम फॉइल टेपच्या २ मिमी पट्ट्या कापा आणि त्यावर पारदर्शक लाल, पिवळा चढवा. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. हा क्रम चुकवू नका, माहितगार माणसाची नजर तिथेच जाते. नंबर प्लेट ३४० × २०० ची, मॉडेलवर १४.२ × ८.३ मिमी, पिवळ्यावर काळी अक्षरं.

फाळक्याचे पट्टे मास्किंग टेपने करा, पारदर्शक डिकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्यावर) छापू नका. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे छापलेला फिका रंग खालच्या रंगात बुडतो. टेप लावल्यावर आधी खालचाच रंग कडेवर फवारा. टेपखाली जे झिरपायचं ते त्याच रंगाचं झिरपेल आणि फट बंद होईल. मग वरचा रंग.

सोल्डरगन

दिवाफलक. सीआर२०३२ ची क्षमता २२० मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास असते खरी, पण ती थोडा थोडा प्रवाह घेतला तरच मिळते. आतला रोध जास्त असल्याने वीस-तीस मिलिॲम्पिअर ओढले की व्होल्टेज कोसळतं. सेल बदलून उपयोग नाही, ट्रिपल-ए चे तीन घ्या, ४.५ व्होल्ट. सेल साडेदहा मिमी जाड असतो. हौद्यात १२ मिमीवर खोटा तळ करून खडीच्या खाली लपवा.

१२०० × ६०० म्हणजे ५० × २५ मिमी. ०६०३ मापाचे (१.६ × ०.८ मिमी) अंबर एलईडी, १५ नग. मांडणी ५-५-५: मधली आडवी रेघ पाच, उजवं टोक पाच, डावं टोक पाच. एका दिशेचा बाण म्हणजे एका वेळी दहा दिवे. प्रत्येकाला स्वतंत्र १.२ किलोओमचा रोध: (४.५ − २.० − ०.२) भागिले १२०० म्हणजे साधारण १.९ मिलिॲम्पिअर, दहांचे मिळून १९. या मापाला एवढा उजेड भरपूर. सगळ्यांना मिळून एकच रोध लावू नका, दोन दिवे जास्त प्रवाह खातील आणि बाकीचे मिणमिणतील.

लुकलुकायला ५५५ टायमर आयसी पुरतो, प्रोग्रॅमिंगची गरज नाही. १० के आणि १०० के (किलोओम) चे रोध आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावले की एक आवर्तन १.४५ सेकंदाचं, मिनिटाला सुमारे ४१. अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीत बाणफलकासाठी मिनिटाला २५ ते ४० सांगितलेत, म्हणजे आपण कडेवर आहोत. १०० के च्या जागी १२० के घातला की ३५ च्या आत येतं, तेच करा. ५५५ च्या तीन नंबर पायापासून २.२ के, तिथून बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. कलेक्टर थेट मधल्या रेघेला, आणि चासीखालच्या स्लाइड स्विचमधून उजव्या किंवा डाव्या टोकाला.

तारा: मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ४२ गेजची इनॅमल तार मागा, ०.१ मिमी असते. फलकाचा खांब २ मिमी पितळी नळीचा करा. नळी स्वतःच पॉझिटिव्ह, आतून तीन निगेटिव्ह तारा. नळीची तोंडं सुईने आतून गोल करा, नाहीतर धारेवर इनॅमल सोलून शॉर्ट होतो. दिवा हवा तसा न लागण्याचं हे पहिलं कारण असतं.

बाणाची दिशाही बघा. काम डाव्या मार्गिकेत चालू असेल तर बाण उजवीकडे, दुभाजकाच्या बाजूला असेल तर डावीकडे. मांडणीत गाडी कुठे उभी आहे त्यावर ठरवा.

घाटमाथा

१० के तसाच ठेवून फक्त १०० के बदलायचा ना? आणि हौदा उचलल्यावर दिवाफलकाच्या तारा तुटणार नाहीत का? फलक हौद्यावरच बसवलेला आहे.

सोल्डरगन

हो, फक्त तोच. सेल हौद्यातच आहेत, मग सर्किटही हौद्यातच ठेवा. स्विच चासीखाली न देता हौद्याच्या तळाला द्या. मग बिजागरीतून एकही तार न्यावी लागत नाही.

पत्राकाम

उचलण्यासाठी एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या घ्या: ४, ३, २ मिमी, भिंत ०.४५ ची. बिजागरीचा दांडा हौद्याच्या तळाशी, चासीच्या अगदी मागच्या टोकाला, २ मिमी स्पोकचा. ट्रिपल-ए सेल मागच्या बाजूला, बिजागरीजवळ बसवा. पुढे ठेवलेत तर नळ्यांना वजन पेलवत नाही आणि हौदा खाली घसरतो. तरी घसरला तर आतल्या दोन नळ्यांची टोकं पक्कडीने किंचित दाबून लंबगोल करा, घर्षणाने हव्या त्या उंचीवर थांबेल. खडी चिकटवून आणि सेल घालून झाल्यावरच हे दाबणं करा, रिकाम्या हौद्यावर केलेला अंदाज भरल्यावर चुकतो.

कोनचं राहिलं. ७५० मिमीचा कोन ३१ मिमी होतो. चळतीत फक्त सगळ्यात वरचा पूर्ण दिसतो, खालच्यांचा बुड आणि वरची एक रिंगच. एक पूर्ण कोन आणि एक बुडाची रिंग एवढेच दोन साचे आरटीव्ही सिलिकॉनमध्ये (साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या साच्याच्या रबरात) घ्या, बाकी रिंगा ओतून एकावर एक रचा. प्रत्येक रिंग आधीच्यापेक्षा एखादा अंश फिरवून बसवा, हाताने रचलेली चळत कधी सरळ नसते.