मदत हवी आहे: कोल्हापूर ते नांदेड हवाई अंतर नक्की किती आणि विमानाला वेळ किती?

रानवाट:
माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला ६५ जणांचा गट न्यायचा आहे. कोल्हापूर ते नांदेड एटीआर-७२ (पंख्यांचं, जेटपेक्षा संथ प्रवासी विमान) चार्टर, पुढे बसने सुमारे १३० किमी, असा बेत आहे. एका संकेतस्थळावर अंतर ४२५ किमी आणि वेळ ३२ मिनिटं दिसते. एक्सेलमध्ये मात्र ४४० किमी येतं. आकडे असे टाकलेत: कोल्हापूर १६.३९५३, ७४.१७२२, नांदेड १९.११००, ७७.१९००. खरं काय धरू? बस किती वाजता उभी करायची?

अक्षवृत्त:
अंतर ४२५ किमीच. सूत्र ठीक आहे, आकडे चुकलेत. कोल्हापूरचा अक्षांश १६ अंश ३९ मिनिटं ५३ सेकंद आहे; तुम्ही मिनिटं-सेकंद तसेच दशांशचिन्हापुढे लिहिलेत. ३९ ला ६० ने, ५३ ला ३६०० ने भागा आणि बेरीज करा: १६.६६४७. एवढ्याशा चुकीने कोल्हापूरचा, म्हणजे उजळाईवाडीचा, विमानतळ ३० किमी दक्षिणेला गेला! नांदेडही दक्षिणेलाच सरकलं, पण ८ किमी, म्हणून शेवटी फरक १५ किमीवरच थांबला.

योग्य आकडे: कोल्हापूर १६.६६४७, ७४.२८९४, नांदेड १९.१८३३, ७७.३१६७.

कागदावर पडताळा घ्या. अक्षांशातला फरक २.५१८६ गुणिले १११.२ (एका अंशाचे किमी) म्हणजे २८० किमी. रेखांशातला फरक ३.०२७३ गुणिले ०.९५१ (मधल्या अक्षांशाची कोसाइन) गुणिले १११.२ म्हणजे ३२० किमी. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ४२५.

धावपट्टी:
३२ मिनिटं विसरा. तो ताशी ८०० किमीने केलेला साधा भागाकार आहे, म्हणजे जेटचा वेग, तोही जमिनीवरून उठल्या क्षणापासून धरलेला. एटीआर ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे ५१ मिनिटं. चढताना वेग कमी असतो, उतरताना धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. त्याची दहाएक मिनिटं. हवेतला वेळ एक तास. दोन्हीकडचं टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरून चालणं) धरून दार बंद ते दार उघड १ तास १० मिनिटं.

पावसाळ्यात आणखी ५ ते ८ मिनिटं ठेवा. नांदेड कोल्हापूरहून ईशान्येला, सुमारे ५० अंशांवर आहे. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, नांदेडची १०/२८ (आकडे म्हणजे दोन्ही बाजूंच्या दिशा, दहा अंशांत: २५ म्हणजे २५० अंश, पश्चिमेकडे तोंड). वारा पश्चिमेचा असला की कोल्हापुरात २५ वरून उलट्या दिशेला उडून वळावं लागतं आणि नांदेडला २८ वर उतरायला विमानतळाच्या पूर्वेला जाऊन परत फिरावं लागतं. वाटेतला वारा त्यामानाने किरकोळ: २० नॉटचा (ताशी ३७ किमी) समोरचा वारा असला तर चार मिनिटं वाढतात.

रानवाट:
आभारी आहे. सकाळी ७ ला दार बंद झालं तर बस ८ ला बोलावू?

धावपट्टी:
८:३० ला. ८:१० ला दार उघडेल, सामान यायला २० मिनिटं. परतीच्या फेरीसाठी दोन्ही विमानतळांचे वॉच अवर्स (नियंत्रण कक्ष सुरू असण्याच्या वेळा) ऑपरेटरकडून लेखी घ्या. लहान विमानतळांवर नियंत्रण कक्ष ठरलेल्या वेळेतच सुरू असतो. माहूरहून बस उशिरा आली आणि ती वेळ टळली, तर विमान समोर उभं असूनही उडणार नाही. वेळ वाढवून घ्यायची तर अर्ज आधी करावा लागतो.

अक्षवृत्त:
चार्टर जमलं नाही आणि हैदराबादमार्गे जायचं ठरलं, तर हवाई अंतर ४४५ अधिक २४६, म्हणजे ६९१ किमी होतं. मधला थांबा वेगळा.