पिंजऱ्याला तळाला जाळी आहे, सशासाठी वर काय अंथरू?

चिकूचीआई, पुणे
नमस्कार मंडळी, आमची चिकू दीड वर्षाची, दोन किलोची. पिंजरा घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला जाळीच बरी, लेंड्या खाली पडतात, साफ करायला सोपं. पण ती शू ट्रेमध्येच करते, बाहेर चार-दोन लेंड्या पडल्या तर पडल्या, मग जाळी कशाला हवी? काल उचलून घेतली तर मागच्या पायाच्या टाचेखालची लव गेलेली, हरभऱ्याएवढी जागा लालसर. रक्त नाही, पण मला रात्रभर झोप नाही. कुणी रबरी मॅट सांगतं, कुणी भुसा. काय करू?

ससेप्रेमी_नाशिक
जाळी आजच झाका, प्लीज. कुत्र्यामांजरासारखी गादी सशाच्या तळपायाला नसते, फक्त दाट केस असतात, आणि बसला की वजन मागच्या टाचांवर येतं, मग तारेवर तेवढीच जागा घासत राहते. आत्ता लाल आहे, पुढे चामडी फाटते, पू होतो, हाडापर्यंत जातं. माझ्या आधीच्या सशाचं तसंच झालं होतं, महिनोन् महिने ड्रेसिंग केलं, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय. लालसर आहे तोवरच सशांचं बघणाऱ्या व्हेटला दाखवा. नखंही बघा, वाढली की बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार टाचेवर जातो.

जाळीवर घट्ट बसेल असा प्लायचा तुकडा टाका, त्यावर फ्लीसचं जुनं ब्लँकेट दुहेरी करून. शिकलेली आहे म्हणजे रोज धुवायला लागणार नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. प्लाय शू पितो एवढं लक्षात ठेवा, ओला झाला की बदला.

मुक्ताई७
आम्ही जुनी सुती सतरंजी घातली होती, छान होती, पण आमचा ससा धागे ओढून खायला लागला, तेव्हा लगेच काढली. सशाला उलटी करता येत नाही, गिळलेला धागा किंवा रबर आतड्यात अडकलं तर जिवावर बेततं. म्हणून रबरी मॅट, फोमच्या चौकोनी मॅटा, टॉवेलचे फासे असलेलं काहीच नको. आधी दोन दिवस समोर बसून बघा काय कुरतडते ते. कुरतडणारी असेल तर गवताची साधी चटई, पोटात गेली तरी चालते, फक्त रंगवलेली नको आणि प्लास्टिकच्या दोऱ्याने शिवलेली नको. देवदार-पाइनचा वासाचा भुसा नको. ट्रेमध्ये मांजराची गोळा होणारी वाळू तर अजिबात नको, कागद आणि वर भरपूर सुकं गवत.

विदर्भातून
उन्हाळ्याचं लिहितो. सशाला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की त्रास सुरू, म्हणून मे महिन्यात मी अर्ध्या भागात फ्लीस आणि अर्ध्यात साधी फरशीची टाइल ठेवतो, तो स्वतःच जागा बदलतो. पूर्ण गुळगुळीत फरशी मात्र नको, पाय फाकतात. पावसाळ्यात ओलं अंथरूण राहू देऊ नका, माश्या अंडी घालतात.

चिकूचीआई, पुणे
खूप आभार सगळ्यांचे. प्लाय आणि फ्लीस घातलं, ती पाच मिनिटं हुंगत फिरली आणि मग चक्क कुशीवर आडवी पडली, जाळीवर अशी कधीच झोपली नव्हती. उद्या अकराला व्हेटची वेळ मिळालीय. प्लायच्या कडा कुरतडते आहे पण, त्याला काय लावू?

ससेप्रेमी_नाशिक
काही लावू नका, रंग-व्हार्निश तर नकोच. फ्लीस कडेवरून खाली दुमडून प्लायखाली खोचा, आणि शेजारी पेरूच्या किंवा सफरचंदाच्या सुकलेल्या फांद्या ठेवा. उद्या व्हेट काय म्हणाले ते नक्की लिहा.