जावरचं जस्त लोखंडावर 400 वर्षं आधी चढलं असतं तर?

खर्पर:
उदयपूरच्या दक्षिणेला जावरला किमान चौदाव्या शतकापासून जस्त गाळत होते. एका भट्टीत वांग्याच्या आकाराच्या 36 मुशी उलट्या लावायच्या, तोंडं खालच्या थंड कप्प्यात. मुशीत खनिजाच्या गोळ्या, मधोमध एक काडी. काडी जळली की वाफेला खाली उतरायला वाट मोकळी. जस्त 907 अंशांना उकळतं, पण खनिजातून सुटायला कोळशासोबत हजाराच्या आसपास तापावं लागतं, म्हणजे ते बाहेर पडतं तेच वाफ होऊन. हवा लागली की पांढरी राख. एवढं अवघड काम जमलं, मग गंज लागू नये म्हणून वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवणं का सुचू नये? त्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या इंजिनियरने 1837 मध्ये घेतलं. जस्त 419 अंशांना वितळतं, बुडवण्याआधी लोखंड साफ करायला नवसागर कल्हईवाल्याच्या पिशवीत असतोच. 1430 च्या सुमारास खिळे, कड्या, बिजागऱ्या जस्ती होऊ शकल्या असत्या.

घणऐरण:
नवसागराने पातळ गंज निघतो. घणाखालून आलेल्या लोखंडावरची काळी पोपडी त्याने हलत नाही आणि पोपडीवर जस्त धरत नाही. सोरेलच्या काळी गंधकाचं तेजाब स्वस्त झालं होतं. पंधराव्या शतकात ते कुठून आणणार?

खर्पर:
तेजाब हवंच असं नाही. सॅक्सनीत पत्र्यांवर कथील चढवणारे आंबवलेल्या कोंड्याच्या पाण्यात पत्रे दिवसचे दिवस भिजवत, मग घासत. तेही हाताने ठोकलेले पत्रे, लाटण-यंत्र नंतरचं. आपल्याकडे चिंच, ताक, कांजी आहे की!

तळगाळ:
मान्य, पोपडी निघेल. पुढचं बघा. खिळा ओला राहिला तर बुडवताक्षणी वाफ होऊन जस्त तोंडावर उडतं, म्हणून आधी तापवून सुकवायचा. बाहेर काढताना झटकला नाही तर टोकाला थेंब गोठतो. हे शिकता येतं. कढईचं मात्र कठीण आहे. 450 अंशांना लोखंडी कढई तग धरते. 480 च्या वर गेलं की जस्त कढईच खायला लागतं, तळाशी लोखंड-जस्ताचा जड गाळ बसतो आणि एक दिवस बूड जातं. तापमापक नसताना ही 30 अंशांची पट्टी रोज सांभाळणार कोण?

दुसरं म्हणजे फॉस्फरस. दिल्लीच्या लोहस्तंभात तो पाव टक्का आहे. असं लोखंड जस्ताशी फार जोरात मिसळतं. थर जाड, करडा, ठिसूळ होतो आणि खिळा ठोकताना टवके उडतात.

घणऐरण:
आणि ते लोखंड मुळात गंजतंच सावकाश. मग गिऱ्हाईक कोण?

खर्पर:
कोरड्या दिल्लीचा दाखला कोकणाला कसा चालेल? हिशोबच करू. 10 सेंमी लांब, 5 मिमी चौकोनी खिळा सुमारे 20 ग्रॅमचा. 85 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) थराला जस्त लागतं सव्वा ग्रॅम. एका किलोत 800 खिळे. खाऱ्या हवेत वर्षाला 4 ते 8 मायक्रॉन झिजले तरी 10 ते 20 वर्षं निघतात.

तळगाळ:
सव्वा ग्रॅम खिळ्यावरचं झालं. वर तरंगणारी राख आणि तळाचा गाळ त्यात धरला नाहीत. शिवाय जस्ताला गिऱ्हाईक आधीच होतं: पितळ, आणि दख्खनमध्ये बिदरी, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूवरचं चांदीचं नक्षीकाम. पितळेचा तांब्या पिढ्यान्‌पिढ्या वापरून मोडीतही विकला जातो. खिळ्यावरचं जस्त परत मिळत नाही. जावरचा व्यापारी कोणाला माल देईल?

वरणफळ:
एक धोका राहिला. जस्ती बादली बाजारात आली की त्यात ताक साठवणारा निघणारच. आंबटात जस्त विरघळतं आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. सगळं घर आजारी पडलं की जस्ती मालाचं नावच बाद.

खर्पर:
म्हणून तर मी बिजागऱ्या म्हटलं, भांडी नाही. कढईचं उत्तर मात्र माझ्याकडे अर्धंच आहे: मातीची मूस घ्यायची, एका वेळी मूठभर खिळे. पत्र्याचा नाद सोडायचा.

घणऐरण:
मूठभर खिळ्यांनी मूस दर वेळी थंड पडेल, जस्त घट्ट होईल, आणि पुन्हा तापवताना 480 चुकून ओलांडाल.

खर्पर:
ओलांडू द्या. मातीला जस्त खात नाही.