माँट्रियलच्या बर्फात मागच्या चाकांची जीआर ८६ चालेल का? मदत हवी आहे

फोंडेकर_पोर

नमस्कार मंडळी. जानेवारीत नोकरीसाठी माँट्रियलला चाललोय. माझा आतेभाऊ तिथेच असतो. त्याची बदली व्हँकुव्हरला झालीय आणि गाडी काही तो बरोबर नेत नाही. टोयोटा जीआर ८६, मॅन्युअल गिअर, २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, ओढ सगळी मागच्या चाकांवर. मला घरच्या भावात देतो म्हणतोय. अशी गाडी इथे फोंड्यात बसून मला सात जन्मात परवडायची नाही, म्हणून जीव अडकलाय.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, दादा इतकी वर्षं चालवतो ना, मग तू का नाही? बाबा म्हणतात, बर्फात मागच्या चाकांची गाडी म्हणजे स्वतःहून खड्ड्यात उडी. वर ऑफिसमधला एक मित्र सारखे व्हिडिओ पाठवतो, गाड्या गरगर फिरून दिव्याच्या खांबाला चिकटलेल्या.

मागून गाडी सुटणं मला अगदीच नवं नाही. आमच्या दुकानाची ओम्नी मीच चालवायचो. उसगाव-तिस्कच्या बाजूला खाणीची लाल धूळ रस्त्यावर बसलेली आणि त्यावर मिरगाचा पहिला पाऊस पडला, की वळणावर व्हॅन कशी शेपूट टाकते ते इथल्यांना सांगायला नको. पण बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय. टायर कुठले घ्यायचे, डिकीत वाळूची पोती टाकायची का, चढावर गाडी चढेल का, की सरळ भावाला "नको" सांगून एखादी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह बघू? जे तिथे राहतात त्यांनी कृपया सांगा. "काळजी घ्या" सोडून काहीही चालेल.

चारही_चाकं

विकून टाकायला सांगा भावाला. तिथे चारही चाकांना ओढ असलेल्या सुबारू मिळतात ढिगाने. हौस वेगळी आणि रोजचं ऑफिस वेगळं.

निवृत्त_चालक

बाळा, मी कदंबात (गोव्याची सरकारी बससेवा) होतो. बस मागच्याच चाकांवर चालते, ट्रक मागच्याच चाकांवर चालतो. तुझ्या बाबांच्या पिढीने अँबॅसॅडर नि पद्मिनी चालवल्या, त्याही मागच्याच. तेव्हा कोणी विचारत नव्हतं. बर्फाचं मला कळत नाही, पण अनमोड घाटात भर पावसात जे शिकलो ते सांगतो. वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात काही करायचं नाही. ब्रेक नाही, गिअर नाही, रेस सोडणं नाही. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनावर गाडी धरायची. एवढं सांभाळलंस तर गाडी कुठलीही असो.

डिचोलकार_माँट्रियलात

धागा उशिरा दिसला. मी मूळचा डिचोलीचा, बरेच हिवाळे इथे काढलेत, आणि माझीही गाडी मागच्या चाकांचीच आहे. जरा लांबण लागेल.

आधी चारही_चाकं यांचं बघू. चारही चाकांना ओढ असली की गाडी जागची हलते लवकर, हे खरंच. पण सिग्नलला थांबायचं असतं तेव्हा ओढ काय कामाची? ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात, आणि वळताना पकड येते ती टायरमधून. पहिला बर्फ पडला की रस्त्याकडेच्या चरात उतरलेल्या गाड्यांत मोठ्या एसयूव्ही मी दरवर्षी बघतो. हललो म्हणजे थांबूही, असा गैरसमज त्यांना महागात पडतो.

म्हणजे सगळं येतं टायरवर. क्यूबेक प्रांतात (माँट्रियल त्यातच) १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत, चारही चाकांना. नसले तर २०० ते ३०० डॉलर दंड. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेलं चालत नाही. भावाच्या गाडीला उन्हाळ्यात जे टायर असतील त्यांचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि कडक थंडीत तसल्या टायरवर गाडी चालवली तर ते तडकूही शकतात. बर्फ नसलेल्या कोरड्या रस्त्यावरसुद्धा थंडीत ते घसरतात, हे गोव्याहून आलेल्याला पटत नाही. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात.

मापाचं सांगतो. १८ इंची चाक असेल तर २१५/४० चे टायर असतील (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). हिवाळ्यासाठी १७ इंची रिमवर २१५/४५ घ्या. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि रबराची भिंत उंच झाल्यामुळे इथल्या खड्ड्यांत रिम वाचते. हो, खड्डे इथेही आहेत, फोंडा-पणजी रस्त्याला लाजवतील असे. बर्फ वितळून पाणी भेगेत शिरतं, गोठून फुगतं, डांबर फोडतं. १६ इंचीही काहीजण बसवतात, पण मोठे ब्रेक असतील तर रिम ब्रेकच्या कॅलिपरला (चकती आवळणाऱ्या भागाला) घासेल. आधी चाक लावून, फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वाळूची पोती नकोत. तो उपाय रिकाम्या पिकअपचा, जिच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं. ८६ चं वजन साधारण १२८० किलो आणि ते पुढे-मागे जवळजवळ सारखं वाटलेलं. पोतं मागच्या चाकांच्याही मागे ठेवलंत तर शेपटी फिरली की आणखी जोरात फिरेल. शिवाय या गाडीच्या दोन मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल कंपनीकडूनच येतो. एक चाक बर्फावर फिरत राहिलं आणि दुसरं गप्प बसलं, हे ओम्नीत होतं तसं इथे सहसा होत नाही.

खरी अडचण निराळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे पोट. जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर. रात्री वीस-पंचवीस सेंटिमीटर बर्फ पडला आणि बर्फ सारणारा नांगर (पालिकेची गाडी) अजून आला नसेल, तर पुढचा बंपर बर्फ ढकलत जातो, मग गाडी बर्फावर पोट टेकून बसते आणि चाकं हवेत फिरतात. तिथे टायरही काही करू शकत नाही आणि ड्राइव्हरही. नांगर येऊन गेल्यावरचं दुखणं वेगळं. तो रस्ता साफ करतो आणि कडेला गाड्यांपुढे बर्फाचा बांध घालून जातो. मऊ असेतो फावड्याने निघतो. दुपारपर्यंत ठेवलात तर चिऱ्याच्या दगडासारखा होतो, मग कुदळ आणा. फावडं डिकीत नको, मागच्या सीटवर ठेवा. डिकी गोठून उघडली नाही तर?

निवृत्त_चालक काकांचं वळणाचं सगळं सोळा आणे. एकच दुरुस्ती सुचवतो, राग मानू नका. उतारावर खालचा गिअर बरोबर, पण बर्फावर या गाडीत तो झटक्याने टाकला तर इंजिन फक्त मागच्या दोन चाकांना आवळतं. हँडब्रेक ओढल्यासारखं. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना जरा रेस देऊन क्लच हळू सोडायचा, तोही सरळ रस्त्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी.

निवृत्त_चालक

राग कसला. आमच्या जुन्या गाड्यांना डबल क्लच (दोनदा क्लच दाबून मध्ये रेस देणं) मारल्याशिवाय गिअरच पडायचा नाही, ती सवय कामाला येते म्हणायची. बाळा, ऐक यांचं.

फोंडेकर_पोर

डिचोलकार दादा, देव बरें करूं! बाबांना वाचून दाखवलं. डबल क्लचचं वाचून ते एकदम खूश, अजून "हो" म्हणालेले नाहीत. दोन गोष्टी राहिल्या. गाडी बर्फावर मागून सुटलीच, तर त्या क्षणी करायचं काय? आणि ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचं की बंद? भाऊ म्हणतो बंद करून मजा येते, म्हणून त्याला विचारत नाही.

डिचोलकार_माँट्रियलात

रस्त्यावर चालूच. ते बटण बंद करायचं फक्त गाडी रुतल्यावर, कारण चाक जरा फिरलं की संगणक इंजिनाची ताकद काढून घेतो आणि तुम्ही जागच्या जागी. तेव्हा बंद करा, दुसऱ्या गिअरवर हलकी रेस द्या, थोडं पुढे थोडं मागे असं गाडीला डुलवा. निघालात की लगेच चालू.

सुटली तर नजर जायचं आहे तिकडे. डोळे खांबाकडे गेले की हात तिकडेच जातात. स्टिअरिंग शेपटी जाईल त्या बाजूला, रेस सावकाश कमी, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. आणि पकड परत आली की स्टिअरिंग पटकन सरळ. हे पुष्कळजण विसरतात. मग गाडी उलट्या बाजूला फेकली जाते आणि तो दुसरा झोल पहिल्याहून वाईट. वाचून येत नाही हे. पहिला बर्फ पडला की एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, मालकाला विचारून, भावाला शेजारी बसवून वीसच्या वेगात मुद्दाम घसरवून बघा. तिथे बटणही बंद करून बघा, ती मजा तिथेच ठीक.

एक दिवस असा येईल की पाऊस पडेल आणि जमिनीला टेकताच गोठेल. १९९८ च्या जानेवारीत असल्याच पावसाने बहुतेक शहर अंधारात घातलं होतं. त्या दिवशी तुमची ८६ आणि शेजाऱ्याची सुबारू दोन्ही सारख्याच निरुपयोगी. मेट्रो धरा, ती संपूर्ण जमिनीखालून धावते.

खाणवाट_गॅरेज

मी गॅरेजवाला, सांखळीत असतो. बर्फ नाही पाहिला, पण मिठाचं ऐकलंय की तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या गाड्या येतात, हणजूण-मोरजीच्या, नुसत्या खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा खाल्लेला. त्या भावाची गाडी घेण्याआधी लिफ्टवर चढवून फोटो मागवा. वरून चकाकणारी गाडी खालून भोकं पडलेली असते. ब्रेकचे पाईप, सस्पेन्शनचे बोल्ट, दाराखालच्या पट्ट्या बघा.

डिचोलकार_माँट्रियलात

लाख बोललात. इथे शरद ऋतूत खालून तेल फवारून घेतात गंजाला आवर घालायला. भावाने ते दरवर्षी केलंय का, पावत्या आहेत का, हे आजच विचारा. आणि साधं मीठ उणे १५ च्या खाली फारसं चालत नाही, तेव्हा "मीठ टाकलंय" म्हणून निर्धास्त राहू नका. पुलांवर तर नाहीच. खालून वारा लागतो म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतो.

या गाडीचं आणखी एक. दाराच्या काचेला वर चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली येते आणि मग रबरातून सुटते. पाणी गोठून काच रबराला चिकटली की ती खाली येत नाही, आणि तुम्ही सवयीने दार हिसडलंत की रबर फाटतं. थंडी सुरू व्हायच्या आधी रबराला सिलिकॉन चोळायचं. आणि ओली गाडी रात्री बाहेर ठेवताना हँडब्रेक ओढू नका, गोठून धरतो. सपाटीवर गिअरमध्ये ठेवा.

रस्त्यावर पार्क करणार असाल तर केशरी रंगाच्या तात्पुरत्या पाट्या बघत चला. बर्फ उचलायला पालिकेच्या गाड्या येतात त्या रात्री तिथे गाडी उभी चालत नाही. आधी टोइंगवाल्याचा भोंगा वाजतो. तो ऐकून चपला न घालता धावणारी माणसं मी बघितलीत.

फोंडेकर_पोर

पावत्या आहेत म्हणाला. लिफ्टवरचे फोटो येत्या शनिवारी पाठवतो म्हणाला. हिवाळी टायरचा एक सेट १७ इंची रिमसकट त्याच्याकडे आधीच आहे, तो गाडीबरोबर देणार. बाजूवरचा आकडा मागवला तर ४४२१ निघाला. बाबांनी पुढे विचारायला सांगितलंय: हे टायर वापरायचे की नवे घ्यायचे? (बाबा विचारताहेत, म्हणजे अर्धं काम झालं.)

डिचोलकार_माँट्रियलात

४४२१ म्हणजे २०२१ च्या चव्वेचाळिसाव्या आठवड्यातले. वर्षावरून मी लगेच नाही म्हणणार नाही, नक्षी मोजा. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फात ४.८ च्या खाली गेलेला हिवाळी टायर मी कोणाला देणार नाही. चारही चाकांवर, आतल्या कडेला आणि बाहेरच्या कडेला मोजायला सांगा. मागच्या चाकांची झीज जास्त असणार, गाडीच तशी आहे. मागचे दोन उतरले असतील तर दोनच नवे घेऊ नका, चारही घ्या. आणि हवा थंडीत तपासा. तापमान साडेपाच-सहा अंश उतरलं की एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. गॅरेजच्या उबेत भरलेली हवा उणे २० मध्ये भरपूर कमी भरते.

फोंडेकर_पोर

भावाने मोजलं. पुढे ६ च्या वर, मागे ४.५. मी चारही नव्यांचे पैसे गाडीच्या किमतीतून कापायला सांगितलंय. तो आईला फोन करून माझी तक्रार करतोय.