झुले मोजायचे का सावली? उन्हाळ्यात पोट्ट्याईले कुठं न्यावं

वखरवाला
परवा इथंच एका भाऊनं लिहिलं, "जे आईबाप मुलांना एकदाही खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क दाखवत नाहीत आणि दर उन्हाळ्यात शेगाव नाहीतर नागपूरचं वॉटर पार्क करून मोकळे होतात, त्यांना मुलांचं बालपण महाग वाटतं." खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो. आज लाइन लवकर आली, तं लिहितो.

मी कारंज्याकडचा कास्तकार. घरी माय, बाबा, आम्ही दोघं, दोन पोट्टे आन् उन्हाळ्यात माहेरी येणारी बहीण, असे सात जण. आमची सुटी म्हणजे तूर-चणा विकल्यावर आन् बियाण्याच्या दुकानापुढं लाइन लागायच्या आधी जे आठ-दहा दिवस सापडते ते. त्यातले चार लग्नात जाते. ७ जूनले मृग लागला का खेळ खतम.

तुम्ही म्हणता समृद्धी महामार्ग झाला, आता खोपोली जवळ. झाला ना बाप्पा, ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये ठाण्याकडच्या आमण्यापर्यंत पुरा झाला. पण मे महिन्यात दुपारी त्या सिमेंटवर जुन्या टायरची गाडी घालून पाहा, मंग बोलू. जायले एक दिवस, यायले एक दिवस, आन् मधात पार्काचे सहा-सात तास.

मी पार्क निवडतो तं आधी इचारतो, बारा ते चार सावली कुठं हाय. मंग इचारतो, माय कुठं बसन. झुले किती, हे पोट्टे इचारते. त्याईचं बरोबरच हाय. पण पैसे मी देतो.

हे शिकलो कुठं, ते सांगतो. दोन वर्षाआधी एका मोठ्या पार्कात गेलो होतो, नाव घेत नाही. मोठा पोट्टा १३७ सेंटिमीटर. ज्या झुल्यासाठी रात्रभर झोपला नाही, त्याच्या दाराशी १४० ची रेघ. तीन सेंटिमीटरसाठी पोट्टा असा रडला का बाकीचा दिवस गेला. लहान्याले चक्रीचीच भेव. बाबा एका झाडाच्या बुडाशी, आन् ते झाडही सिमेंटचं निघालं. एवढे पैसे मोजून सात जणाईत धड एक झुला कोणी खेळलं नाही.

शेगावले तीन दिवस राह्यलो, माय तिन्ही दिवस हसत होती. आता म्हणा मले कंजूष.

अकोलेकर_सध्या_पुण्यात
ती पोस्ट माझी. "कंजूष" हा शब्द मी लिहिला नव्हता, तुम्हीच लावून घेतला.

आता माझं ऐका. मी अकोल्यात वाढलो. टीव्हीवर मुंबईतल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्ड पार्कची जाहिरात लागायची, १९८९ पासून चालू होतं ते. दरवर्षी बाबा म्हणायचे, पुढच्या उन्हाळ्यात नक्की. पुढचा उन्हाळा आला की लग्न, नाहीतर बोअरवेल, नाहीतर आजोबांचं ऑपरेशन. नोकरी लागली तोवर माझं वय गेलं. मग ठरवलं, मुलाला नेईन. आणि ते पार्कच बंद झालं. बाबाही राहिले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, दहा ते चौदा या वयात एकदा तरी मोठा झुला झाला पाहिजे. इमॅजिका २०१३ ला सुरू झालं. तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरला पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळत आणि डोकं खाली. त्यातून उतरलेल्या मुलाचा चेहरा एकदा बघा. शेगावला देवाच्या पाया पडायला जा ना, कोण नको म्हणतं? पण त्याला थीम पार्क म्हणू नका.

शेगावची_लेक
"त्याला थीम पार्क म्हणू नका"?? शेगावचं आनंद सागर तुम्ही पाहिलं तरी आहे का? माळरानावर तलाव केला, मधात बेट, बेटावर ध्यानमंदिर, भोवताल आगगाडी. खारपाणपट्ट्याच्या कडेला एवढी झाडं जगवली. गजानन महाराज संस्थानच्या शिवशंकरभाऊ पाटलांनी कुणाला न दुखवता, बिनओरडता ते उभं केलं. तिकीट इतकं कमी, की मजुरी करणारा माणूसही लेकरं घेऊन यायचा. माझं अर्धं बालपण त्या आगगाडीत गेलं.

अकोलेकर_सध्या_पुण्यात
मग मधली काही वर्षं बंद का होतं? आणि उघडल्यावर तुमचं बालपणातलं सगळं तिथं परत मिळालं का?

शेगावची_लेक
नाही मिळालं. म्हणून काय जे होतं ते नव्हतं होते का? जखमेवर मीठ चोळायला पुण्याहून आलात.

केळापूरकर
दोघंही उगाच भांडून राह्यले. राजेहो, नकाशा उलटा धरा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरकडून खोपोलीले जाणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. ४४ नंबर हायवेवर गाडी घाला, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, सकाळी पाचले निघालं तं जेवाले हैद्राबाद. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. नागपूरवाल्याले पाचशे पडन, पण त्याले सिकंदराबादची वंदे भारत हाय, २०२४ पासून.

तिथलं वंडरला २०१६ चं. पाण्याचे झुले आन् कोरडे झुले एकाच तिकिटात. दुपारी पाण्यात, ऊन उतरलं का कोरड्यावर. खोपोलीले वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, बर्फाच्या पार्कचं वेगळं. आजी-आजोबा सोबत असन तं रामोजी फिल्म सिटी, तिथं बसमध्ये बसून फिरता येते. वखरवाले भाऊ, तुमच्या मायले तिथं पुरा एक राजवाडा दिसन, मागून पाह्यला तं नुसत्या फळ्या. आमच्या मायनं ते पाहून टीव्हीवरच्या मालिका सोडल्या.

आन् तिकिटाचं सांगतो, बहुतेक मोठ्या पार्कात लेकराचं तिकीट वयावर नाही, उंचीवर हाय. जन्माचा दाखला घरी ठेवा, पोट्ट्याले भिंतीशी उभं करून मोजून न्या. भाऊचा पोट्टा रडला, त्यात पार्काचा दोष कमी आन् भाऊच्या घरी टेप नसल्याचा जास्त.

वखरवाला
टेप हाय. वावर मोजायची हाय.

जि_प_मॅडम
एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाहीये. विदर्भाच्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. २०२५ मध्ये बाकी महाराष्ट्राची घंटा १६ जूनला वाजली, आपली २३ ला. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईची लेकरं वर्गात असतात, आपली मोकळी. मोठ्या पार्कात जायचं तर तेव्हा जावं. मेच्या रविवारी जी तासाची लाइन लागते, ती तेव्हा दहा मिनिटांची असते. आम्ही दोनदा असंच केलं.

वखरवाला
मॅडम, १६ ते २३ जून तुमची सुटी, आमची पेरणी. सरकीचं बी मातीत टाकू का नायट्रोत बसू?

जि_प_मॅडम
मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे, पेरणी मला शिकवू नका. सगळा जिल्हा काही कास्तकार नाही. दुकानदार आहेत, शिक्षक आहेत, बँकेतले आहेत.

वखरवाला
हाव ना, पगारवाले हायेत. त्याईच्याचसाठी तं जग हाय.

नागभीडकर
नागपूरचं गोरेवाडा पाहा म्हणते सारे. २०२१ पासून हाय, गाडीत बसून वाघ, अस्वल पाह्यते. ताडोब्याले बाहेरचे लोक महिनाभर आधी बुकिंग करते, मंगळवारी गेट बंद असते म्हणून रडते. आमच्याकडं मंगळवारीही चालू राह्यते. शेताच्या धुऱ्यावर. फुकट.

अकोलेकर_सध्या_पुण्यात
हा हा, हे बेस्ट.

नागभीडकर
हसू नका भाऊ. मोहफुलं वेचाले गेलेली आमच्या घराशेजारची बाई वापस आली नाही. आमची पोट्टे वाघ पाहाले कुठंच जात नाही. तुमचा तो झुला भेव वाटाले लोक पैसे देऊन बसते, याचंच मले नवल.

धाकटी_जाऊ
एवढ्या वेळचं वाचून राह्यली. सगळे बाप्पे. पोट्टे काय खेळन, बाबा कुठं बसन, माय कुठं बसन. पिशव्या कोण सांभाळन, हे कोणीच नाही लिहिलं.

मी सांगते. मीच. गेल्या मे महिन्यात दीर, जाऊ, पाच लेकरं आन् आम्ही दोघं एका वॉटर पार्कात गेलो. दारावर म्हणे नायलॉनचाच ड्रेस पाह्यजे, सुती कपडा आन् साडी चालत नाही. भाड्यानं ड्रेस मिळत होता. आमच्या यजमानानं स्वतःची चड्डी घेतली, लेकराईची घेतली, आन् मले म्हणे, "तू बस इथं सामानापाशी, तुले थोडी जायचं हाय पाण्यात." इचारलंही नाही, थेट सांगितलं. सकाळी दहा ते पाच मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. मांडीवर सहा जणाईचे मोबाइल, तीन पाकिटं, दोघाईचे चष्मे. पुढं लाटा चालू, लोक नाचून राह्यले, आन् मी पदरानं वारा घेत.

तिकीट माझंही पुरंच लागलं होतं.

काकाजी
सूनबाई, लॉकर असतात तिथे. आणि राग मानू नका, पण घरच्या बायांनी चारचौघांत तसले अंगाला चिकटणारे कपडे घालून लाटांत उड्या माराव्यात हे आपल्याकडे शोभत नाही. आमच्या वेळी उन्हाळा म्हणजे मामाचं गाव, विहिरीत पोहणं, पन्हं, रात्री अंगणात बाज. कोणाचं काही अडलं नाही.

धाकटी_जाऊ
काकाजी, विहिरीत कोण पोहत होतं? तुम्ही आन् मामा. मामी पन्हं करत होती, शेवया वळत होती, कुरडया वाळू घालत होती. मामीच्या मामाचं गाव कोणी काढलं का कधी?

जि_प_मॅडम
या एका वाक्यासाठी धागा वसूल.

काकाजी
विषय वॉटर पार्कचा होता. मामीला मध्ये आणायचं कारण नव्हतं.

धाकटी_जाऊ
पोळ्याले बैलाले नवी झूल शिवता. सुनेले एक ड्रेस जड जाते.

काकाजी
बोलायची रीत असते. मी धाग्यातून बाहेर पडतो.

फिल्टरवाला_पोट्टा
काकाजी बाहेर पडले तं पडले, पण ड्रेसचं खरं कारण कोणाले माहीत नाही म्हणून लिहितो. दोन उन्हाळे मी वॉटर पार्कवर फिल्टरच्या खोलीत होतो. सुती कपड्याचा पाण्यात भुसा सुटते. तो वाळूच्या फिल्टरमध्ये जाऊन बसते, मंग पाणी उलटं सोडून धुवा लागते, दिवसातून कितीकदा. साडी, ओढणी तं घसरगुंडीच्या जोडात अटकते, माणसाचा गळा आवळू शकते. संस्कृतीचा ना, असंस्कृतीचा ना, काहीच संबंध नाही. जाळीत आमाले सगळ्यात जास्त काय सापडे? टिकल्या. पावशेर टिकल्या निघत रविवारी. सेफ्टी पिना वेगळ्या.

अजून एक. क्लोरीन पाण्यात १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात १ ते ३ भाग, राह्यलं पाह्यजे. ऊन जेवढं कडक, तेवढं ते लवकर उडते, वरतून गर्दी. आम्ही सारखं टाकत राहू, तरी रविवारी दुपारी तीनच्या पाण्यात मी माझ्या पोराले सोडणार नाही. सकाळी गेट उघडल्याबरोबर जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी. पार्क कोणताही असो.

केळापूरकर
माझ्या हैद्राबादचं काय झालं? कोणी वाचलं का?

अकोलेकर_सध्या_पुण्यात
वाचलं. अंतराचं गणित बरोबर आहे तुमचं, मान्य. अकोल्याहून मात्र तसं नाही. आणि धाकटी_जाऊ, खरं सांगू? बायको आत्ता मागून वाचतेय. म्हणते, "इमॅजिकात तू चार वेळा नायट्रोत बसलास, मी चार वेळा खाली बॅग घेऊन उभी होते, ते पण लिही." लिहिलं.

वखरवाला
म्हणजे बालपण कोणाचं महाग होतं, पोट्ट्याचं का तुमचं?

अकोलेकर_सध्या_पुण्यात
घ्या, मिळाला तुम्हाला मुद्दा. हार घालू का? पण तुमच्या घरी सात माणसं मोजलीत, माय कुठं बसेल ते पाहिलंत. वहिनी कुठं होत्या त्या दिवशी? एक शब्द नाही तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये.

वखरवाला
इचारून सांगतो.

वखरवाला
इचारलं. बाबापाशी होती. त्या सिमेंटच्या झाडाखाली. डबा आत नेऊ देत नव्हते म्हणून गेटाबाहेर उभी राहून आधी दोघाईचं जेवणही तिनंच उरकवलं होतं. मले आठवतच नव्हतं.

यावर कोणी काही लिहू नका.

धाकटी_जाऊ
आठ दिवसानं लिहून राह्यली. तालुक्याहून नायलॉनचं कापड आणलं, गावातल्याच शिंपिणीकडून पोटरीपर्यंतचा ड्रेस शिवला, बाह्या कोपरापर्यंत. शिलाई १८० रुपये. निळा हाय. घरात घालून दाखवला तं यजमान म्हणे, बरा दिसते.

सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाही. आज सकाळी शेवया वळता वळता म्हणे, कापड उरलं का ओ?

केळापूरकर
वंडरलाले जा. रस्त्यात आमच्या घरी च्या प्या.