चंद्राचे अंतर ३,८४,४०० किलोमीटर, मग सुपरमूनचा आकडा वेगळा का?

ऐरोलीकर: कोजागरीला आम्ही सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवत होतो. पारसिकच्या डोंगरामागून चंद्र वर आला तेव्हा तो परातीएवढा दिसत होता, आणि मध्यरात्री दुधात त्याचे प्रतिबिंब पाहून वर नजर टाकली तर वाटीएवढा झालेला. सातवीतल्या मुलीने विचारले, की उगवताना चंद्र आपल्या जवळ असतो का? तिला ३,८४,४०० किलोमीटर हे अंतर पाठ आहे. सुपरमूनच्या बातमीत मात्र ३,५७,००० वाचल्याचे मला आठवते. हे अंतर नेमके कुठून कुठपर्यंत मोजतात? मुलीला चुकीचे काही सांगावे असे वाटत नाही, म्हणून विचारतो.

घंटाळीचे गुरुजी: दोन्ही आकडे बरोबर आहेत. अंतर पृथ्वीच्या मध्यापासून चंद्राच्या मध्यापर्यंत मोजतात, आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ते रोज बदलते. चंद्र उपभू स्थानी, म्हणजे कक्षेतील सर्वांत जवळच्या बिंदूला, येतो तेव्हा ते ३,५६,५०० पर्यंत उतरू शकते, अपभू स्थानी, म्हणजे सर्वांत दूरच्या बिंदूला, ४,०६,७०० पर्यंत चढू शकते. उपभूजवळ आलेली पौर्णिमा म्हणजेच सुपरमून. ३,८४,४०० ही सरासरी आहे. या दोन टोकांमधील फरकात जवळजवळ चार पृथ्व्या ओळीने बसतील.

कन्येच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या अपेक्षेच्या उलट आहे. चंद्र क्षितिजावर असतो तेव्हा आपल्यापासूनचे त्याचे अंतर मध्यापासून मोजलेल्या अंतराइतकेच भरते. तो डोक्यावर येईपर्यंत पृथ्वीच्या फिरण्याने आपण तिच्या त्रिज्येएवढे, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, त्याच्याकडे सरकलेले असतो. म्हणजे वाटीएवढा दिसलेला चंद्रच आपल्या अधिक जवळ होता. परातीचा भास आपल्या मेंदूचा आहे, आणि तो का होतो याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. यावर वाद घालण्यापेक्षा तिला पडताळून पाहू द्यावे: ऑफिसातल्या पंचने कागदाला भोक पाडावे, हात लांब करून त्यातून उगवता चंद्र पाहावा आणि तो वर चढल्यावर पुन्हा पाहावा. भोक ६ मिलिमीटरचे असेल, तर डोळ्यापासून साधारण ६५ सेंटिमीटरवर चंद्र त्यात नेमका मावतो, कारण त्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे ११० पट आहे.

वाशीहून: मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडी भर घालतो. १७५१-५२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लकाय यांनी केप ऑफ गुड होपहून आणि त्यांचेच देशबांधव लालांद यांनी बर्लिनहून चंद्राचे वेध घेतले. डावा आणि उजवा डोळा आळीपाळीने मिटला की समोर धरलेले बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते, तसाच दोन ठिकाणांहून चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकलेला दिसतो, आणि त्या सरकण्यावरून अंतर काढता येते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक, म्हणजे प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणारे आरसे, ठेवले, तेव्हापासून लेसरचा झोत सोडून तो परत यायला लागणारे सुमारे अडीच सेकंद मोजले जातात. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असा एक छोटा परावर्तक आहे, हे मुलीला अवश्य सांगावे. याच मोजणीतून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जात असल्याचे कळले.

चेंदणीचा: ते दूर जाणे भरती-ओहोटीमुळे आहे. भरतीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे अगदी किंचित मंदावते आणि चंद्र हळूहळू बाहेर ढकलला जातो. आम्हा खाडीकाठच्या माणसांना अंतराचा हिशेब पाण्यात दिसतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला चंद्र उपभूजवळ असला, तर पाणी नेहमीच्या उधाणापेक्षा वर चढते. अंतर एक सप्तमांशाने बदलते एवढेच, पण भरती उचलणारा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे दूरच्या टोकापेक्षा जवळच्या टोकाला तो जवळजवळ दीडपट होतो. एरवी अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, चिखलात रुतून राहणारी होडी अशा उधाणात बांधाच्या उंचीला येऊन डुलते.

ऐरोलीकर: आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल द्वितीयेचा चंद्र डोंगरावर आला तेव्हा मुलीने वहीच्या पानाला भोक पाडून पाहिले, मग झोपण्यापूर्वी पुन्हा गच्चीवर गेली. दोन्ही वेळा भोक तेवढेच भरले. पाठ केलेल्या आकड्यापुढे तिने आता पेन्सिलीने लिहिले आहे: ‘सरासरी, मध्यापासून मध्यापर्यंत’.